सीपॅप कधी काढणार? नाशिकच्या एनआयसीयूतला माझा अनुभव

आमचं बाळ तिसाव्या आठवड्यातच झालं, वजन जेमतेम बाराशे ग्रॅम, म्हणून एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत ठेवलं. सिन्नरहून नाशिकला येणं, सिझर, पेटी, फुफ्फुसं मिटू नयेत म्हणून आत सोडतात ते सरफॅक्टंट नावाचं औषध, त्याचे पैसे भरणं, हे सगळं धावपळीत होऊन गेलं, त्यात काही तक्रार नाही. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, डॉक्टर-सिस्टर मनाने चांगलेच होते.

अडकलो ते सीपॅपवर, म्हणजे बाळाच्या श्वासाला आधार देणाऱ्या मशीनवर.

व्हेंटिलेटरसारखी घशात नळी नसते यात. नाकात दोन छोटे प्रॉंग, म्हणजे आखूड नळ्या, त्यातून हवेचा दाब चालू राहतो म्हणजे श्वास सोडल्यावर फुफ्फुसं मिटून जात नाहीत. आमचा बबलवाला होता, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात ५ सेंटीमीटर बुडवलेलं आणि सारखे बुडबुडे चालू. बुडबुडे थांबले की सिस्टर लगेच येऊन आधी नाकाशी लीक आहे का, बाळाचं तोंड उघडं पडलंय का ते बघायच्या.

आता गंमत अशी की सकाळी मोठे सर म्हणायचे, छान आहे बाळ, आज काढून बघू. संध्याकाळच्या मॅडम म्हणायच्या घाई कशाला, श्वास ओढण्यातच ताकद गेली तर वजन कसं वाढणार. रात्रीच्या सिस्टर नाकाच्या मधल्या पडद्यावरचा लाल चट्टा दाखवून म्हणायच्या, हाय फ्लो, म्हणजे बारीक नळ्यांतून जोरात हवा सोडतात ते, लावला तर नाकाला तरी आराम पडेल. एकदा काढलाच, दिवसभर बरं होतं, रात्री बाळाने श्वास थांबवला, परत लावला. आणि आम्हाला हे कळलं सकाळी, बोर्डवर 'सीपॅप ५' वाचून! विचारायला गेलो तर काउंटरवरून उत्तर, राउंडला सरांना विचारा. राउंडच्या वेळी नातेवाईक बाहेर, आणि आम्हाला आत सोडायचे तेव्हा सर ओपीडीत. सासूबाई तर वेटिंगमध्ये सगळ्यांना सांगत सुटल्या की डॉक्टरांचंच एकमत नाही, दुसरीकडे हलवा. मीही मुंबई नाक्याच्या एका हॉस्पिटलात बेड आहे का विचारून आलो होतो, इतकं डोकं फिरलेलं.

शेवटी एका सिनियर सिस्टरने उभ्याउभ्या सांगितलं, दादा, भांडण नाहीये आमच्यात. श्वास थांबू नये म्हणून देतात ते कॅफिनचं औषध चालू आहे, श्वास थांबायचं कमी झालं, ऑक्सिजन २१ टक्क्यांवर म्हणजे साध्या हवेवर आला आणि धाप नाही, की काढून बघतात. नाही झेपलं तर परत लावतात, म्हणजे बाळ बिघडलं असं नाही, पेटीतल्या पुष्कळ बाळांचं असंच होतं. दोन मिनिटं लागली तिला. हेच आधी कोणी बोललं असतं तर?

म्हणून सांगतो, सीपॅप कधी काढणार असं विचारू नका, आज मशीनमधून ऑक्सिजन किती टक्के देताय आणि रात्रीत किती वेळा श्वास थांबला ते विचारा, याचं उत्तर कोणत्याही शिफ्टला मिळतं. मॉनिटरवरचा आकडा वेगळा, तो बाळाच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा; तिथे ९२ दिसलं म्हणून घाबरू नका, ऑक्सिजन चालू असताना ते ९० ते ९५ मध्येच ठेवतात, ऑक्सिजन जास्त झाला तर डोळ्यांच्या पडद्याला त्रास होतो.

सीपॅप लावलेला असतानाही बाळ स्थिर असेल तर आईला छातीशी घेता येतं, आमच्याकडे आपणहून कोणी म्हणालं नाही, बायकोने विचारलं तेव्हा लगेच खुर्ची आणून दिली. आणि सुरुवातीचं राहिलंच, चौतीस आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर बाळाची फुफ्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात ते दिलं का विचारा, सिन्नरच्या डॉक्टरांनी ते निघायच्या आधीच दिलं होतं, त्यांचे उपकार.

नंतर सीपॅप सुटला तो सुटलाच, परत लावावा लागला नाही. डिस्चार्जच्या फाईलमध्ये डोळ्यांच्या तपासणीची तारीख बघा, वेळेआधी झालेल्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याला होणाऱ्या आरओपी या आजारासाठी असते ती. ती तपासणी जन्मानंतर साधारण चौथ्या आठवड्यात करतात, फार लहान बाळांची त्याआधी, आणि चुकवायची नसते. आमच्या फाईलवर ती तारीख कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेली होती, तोंडी कोणी बोललंच नाही.