मागाच्या खोलीत घडलेले स्पीकर : माझा अनुभव

बेळगावच्या वडगाव भागातील आमच्या घरात पुढच्या बाजूस एक लांबट खोली आहे. माझ्या लहानपणी तीत दोन यंत्रमाग चालत असत. माग विकल्यापासून ती रिकामीच होती. गेल्या वर्षी मंगाईच्या यात्रेच्या सुमारास मी तिथे स्पीकरची दोन कॅबिनेट, म्हणजे लाकडी खोकी, करायला घेतली आणि दसऱ्याच्या आधी ती वाजू लागली.

हे काम वडिलांमुळे सुरू झाले. ते अनेक वर्षे भजनी मंडळात तबल्याच्या साथीला बसत असत आणि आता हात चालत नाहीत, म्हणून संध्याकाळी ऐकत बसतात. आमच्याकडच्या विकतच्या स्पीकरमधून डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतील डाव्या हाताच्या वाद्याचा, घुमारा भरपूर येई. पण डग्ग्यावर तळहात घासत नेल्यावर स्वर जो चढतो, तो घिस्सा मात्र त्या घुमाऱ्यात बुडून जाई. "हा डग्गा नव्हे, रिकाम्या पिंपावर थाप मारल्यासारखं वाटतं," असे ते एकदा म्हणाले आणि ते वाक्य माझ्या मनात राहिले.

स्पीकरचा पडदा पुढे जसा आवाज करतो तसा मागेही करतो, आणि मागचा आवाज उलटा असल्यामुळे मोकळ्या हवेत दोन्ही एकमेकांना खातात. खर्ज तर जवळजवळ नाहीसाच होतो. म्हणून खोके लागते. खोक्यातील हवा पडद्याला स्प्रिंगसारखी ढकलते आणि खोक्याला योग्य लांबीची नळी बसवली, तर नळीतील हवेचा दट्ट्या ठरावीक कंपनसंख्येला खर्जाला हात देतो. खोके किती मोठे आणि नळी किती लांब, याचे गणित ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडले आणि १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढे नेले. स्पीकरबरोबर येणाऱ्या कागदावर जे आकडे छापलेले असतात, ते याच दोघांच्या नावाने ओळखले जातात. माझ्या आठ इंची वूफरसाठी, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरसाठी, हिशेब केल्यावर ३४ लिटर हवा आणि ३८ हर्ट्झला (सेकंदाला ३८ कंपनांना) जुळवलेली नळी असे उत्तर आले. वूफरचा मागचा भाग, नळी आणि आधाराच्या पट्ट्या यांची जागा धरून मी आतील माप २५ × ४८ × ३१ सेंटिमीटर ठेवले. तिन्ही बाजू मुद्दाम वेगवेगळ्या ठेवल्या, कारण घनाकृती खोक्यात तिन्ही दिशांच्या लहरी एकाच स्वरावर घुमतात.

आठ बाय चार फुटांच्या १८ मिलिमीटर जाडीच्या एका प्लायमध्ये दोन्ही कॅबिनेट निघाली आणि पट्ट्यांपुरते तुकडेही उरले. कापणीच्या वेळी गल्लीतील मामा मदतीला आले. उद्यमबागेतील एका फाउंड्रीत त्यांनी आयुष्यभर लाकडी पॅटर्न केले. वाळूत साचा उठवण्यासाठी जो लाकडी नमुना लागतो तो पॅटर्न, आणि ओतीव लोखंड थंड होताना आकसते, म्हणून तो मूळ मापापेक्षा किंचित मोठा करावा लागतो. अशा कामात मुरलेला हात प्लायसारख्या साध्या मालालाही तितक्याच गांभीर्याने लावला जातो, हे मी त्या आठवड्यात पाहिले. मामा कापलेल्या कडेवरून डोळे मिटून तळहात फिरवत आणि उंचवटा जिथे असेल तिथे अंगठा थांबवत. मी तिथे गुण्या लावून पाही, तेव्हा कडेखाली खरोखर उजेडाची बारीक फट दिसे. वूफरचे भोक मी जिगसॉने कापणार होतो. त्यांनी प्लायची एक पट्टी घेऊन तिच्या एका टोकाला खिळा आणि दुसऱ्या टोकाला राउटर (लाकूड कोरायचे विजेचे यंत्र) बसवला व तिचा परकार केला. भोक असे गोल झाले की वूफर हलक्या दाबाने आत बसला.

चिकटवताना मी घाई करीत होतो. आषाढातील दमट हवेत डिंक लवकर धरत नाही आणि मी दोन तासांतच क्लॅम्प सोडू लागलो होतो. "एवढी घाई कशाला करायलास? रात्रभर धरू दे की," असे म्हणून त्यांनी क्लॅम्प पुन्हा आवळले.

पहिले कॅबिनेट उभे राहिल्यावर मामांनी बोटाच्या पेराने ते ठोकून पाहिले. कोपऱ्यांशी आवाज टणक होता, बाजूच्या फळीच्या मध्यावर मात्र तो ढब्ब येत होता. मामांनी फाउंड्रीतील बारीक कोरडी वाळू पिशवीतून आणली. कॅबिनेट आडवे करून त्या फळीवर चाळणीने वाळूचा पातळ थर दिला. मोबाईलवरील टोन मी हळूहळू वर नेत गेलो. ४३० हर्ट्झच्या आसपास फळीच्या मध्यावरील वाळू थरथरू लागली आणि मध्य मोकळा करून कडांकडे सरकली. हे पाहताना माझ्या अंगावर काटा आला. फळी नेमकी कुठे गाते, ते डोळ्यांना दिसत होते आणि गाते तीही गवयाच्या आवाजाच्या ऐन पट्ट्यात! मिरजेला तंबोरा करणारे कारागीर भोपळा बोलावा म्हणून जीव ओततात. इथे आम्हांला खोके मुके करायचे होते. आतून आडवी पट्टी बसवली. ती बरोबर मध्यावर घेतली नाही, कारण तसे केल्यास दोन्ही अर्धे भाग एकाच स्वरावर बोलले असते. त्यानंतर त्याच टोनवर वाळू जागची हलली नाही.

नळीसाठी पीव्हीसीचा पाइप घेतला. आतील व्यास सात सेंटिमीटर. हिशेबाने लांबी साडेअठरा येत होती, तरी मी वीस कापला, कारण कापता येते, वाढवता येत नाही. स्पीकरला १०० ओहमचा रेझिस्टर जोडून २० ते १०० हर्ट्झपर्यंत दर दोन हर्ट्झला मल्टिमीटरवर स्पीकरवरचा व्होल्टेज वहीत नोंदवला. शेजारचे माग बंद झाल्यावर, रात्री साडेदहानंतर, हे काम होई. आलेखात दोन उंचवटे आणि मध्ये एक खळगा येतो. खळग्याची जागा म्हणजे नळीची जुळणी. ती ३७ च्या आसपास आली, पाइप दीड सेंटिमीटर कमी केल्यावर ३८ झाली.

दुसऱ्या कॅबिनेटने मात्र मला तीन रात्री अडवले. माप तेच, पाइप तोच, पण दोन्ही उंचवटे ठेंगणे येत होते. वूफर अदलाबदल करून पाहिले, तरी दोष खोक्याकडेच राहिला. शेवटी नळीच्या तोंडावर तळहात घट्ट दाबून दुसऱ्या हाताने पडदा हलकेच आत ढकलला. पहिल्या कॅबिनेटमध्ये तो सावकाश परत येत होता, या दुसऱ्यात चटकन उसळला. म्हणजे हवा कुठेतरी निसटत होती. देवघरातील उदबत्ती आणून, कमी कंपनसंख्येचा टोन लावून, ती सगळ्या सांध्यांवरून फिरवली. मागील फळीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यापाशी धुराची सरळ रेघ फुटून वाकडी झाली. ही फळी मी पंधरा दिवस भिंतीला टेकवून ठेवली होती आणि पावसाळी ओलीने तिला बाक आला होता. सांधा हवाबंद करण्यासाठी लावलेली फोमची पट्टी त्या बाकापर्यंत पोचत नव्हती. नवी फळी कापली, ती आडवी ठेवून वापरली, आणि स्क्रू दोन-दोन इंचांवर दिले. त्या रात्रीचा आलेख पहिल्यासारखा आला.

आतील भिंतींना उशीत भरतात तो पॉलिस्टरचा तंतू लावला, नळीचे आतले तोंड तेवढे मोकळे सोडले. ट्वीटर (बारीक, उंच स्वर वाजवणारा लहान स्पीकर) आणि क्रॉसओव्हर (खर्ज वूफरकडे व उंच स्वर ट्वीटरकडे वाटून देणारे सर्किट) यांचे काम त्या मानाने सरळ गेले. ट्वीटरच्या तारा उलटसुलट करून ऐकावे आणि ज्या जोडणीत गायकाचा आवाज भरीव येईल ती ठेवावी, एवढे मी तिथे सांगेन.

पहिल्या दिवशी वडिलांनी आमच्या जिल्ह्यातील सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे एक निर्गुणी भजन लावायला सांगितले. ते खुर्ची पुढे ओढून बसले. ठेका सुरू झाल्यावर त्यांचा डावा तळहात मांडीवर आपोआप सरकू लागला, आणि डग्ग्याचा स्वर जिथे जिथे चढला तिथे तिथे तो बरोबर पुढे गेला. भजन संपल्यावर त्यांनी कॅबिनेटच्या बाजूला हात लावला आणि विचारले, "वाजताना हे हलत नाही होय?"

सागवानी व्हिनियर अजून बाकी आहे. मामांच्या सांगण्यावरून ते दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावरच चिकटवायचे आहे.