'बाडुइझम'ची ९७ची रेकॉर्ड मिळवली, माझा अनुभव

अमेरिकन गायिका एरिका बाडूचा 'बाडुइझम' हा अल्बम मला रेकॉर्डवरच हवा होता आणि तोही १९९७चा, रिइश्यू, म्हणजे नंतर पुन्हा काढलेला, नको. हौस म्हणा नाहीतर खाज म्हणा. राहतो न्यू जर्सीत, फिलाडेल्फिया गाडीने जवळ, मग तिथली सेकंडहँड रेकॉर्डची दुकानं पालथी घालायची नाहीत तर काय, आणि यातल्या 'अदरसाइड ऑफ द गेम'मागे फिलाडेल्फियाच्याच द रूट्स या बँडचा हात आहे, म्हणजे बाई डॅलसची असली तरी थोडा माल इथलाच.

गोची अशी की ९७ साली सगळे सीडी घेत होते. अल्बम धडाक्यात खपला, बिलबोर्डच्या अल्बमच्या यादीत आल्या आल्या दोन नंबरला, पुढच्या वर्षी ग्रॅमी पण मारलं, पण रेकॉर्ड त्या मानाने कमीच निघाल्या आणि आज हाती लागतात त्यातल्या कितीतरी वाजून वाजून झिजलेल्या. ऑनलाइन एकाने 'व्हीजी प्लस', म्हणजे फारशी न झिजलेली, असं लिहून पाठवलेली, फोटोत चकाचक, खिडकीत उजेडात धरली तर नुसते ओरखडे. भांडून पैसे परत मिळाले पण डोकं पिकलं.

म्हणून म्हटलं आता हातात घेऊनच घ्यायची. डबल अल्बम आहे, तेव्हा आधी दोन्ही रेकॉर्ड आत आहेत ना ते बघायचं, मग मोबाइलचा टॉर्च तिरका मारायचा (वरून सरळ मारला तर सगळंच छान दिसतं), रेकॉर्ड डोळ्यासमोर आडवी धरून वाकली नाहीये ना बघायचं, आणि मधल्या कागदी लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला नंबर घरून सेव्ह करून नेलेल्या ९७च्या रेकॉर्डच्या फोटोशी ताडून बघायचा. रेकॉर्ड कंपनी केदार मॅसनबर्गची, या प्रकारच्या संगीताला 'निओ सोल' हे नाव ज्याने रूढ केलं तोच. नाव अगदी आपल्यातलं, माणूस नाही.

खरी मजा वाजवताना. पहिलाच ट्रॅक 'रिमशॉट', त्यात ड्रमच्या कडेवर काठीचा टक् टक् आवाज, आता हा टक् गाण्यातला की ओरखड्याचा कसं कळणार? तर रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेऱ्या मारते, म्हणजे एक फेरी १.८ सेकंदांची, आडवा ओरखडा असला की टक् बरोबर तेवढ्याच अंतराने येत राहतो, ठेक्याला भीक न घालता. दुकानातल्या टर्नटेबलवर मी घड्याळ लावून ऐकत बसलो, दुकानदार म्हातारा हसला, म्हणाला ऐका निवांत, घाई नाही. टक् फक्त ड्रमचाच होता! मग 'ड्रामा' लावलं, त्यात बास वाजवलाय रॉन कार्टरने, हो तोच, जॅझवाल्या माइल्स डेव्हिसच्या क्विंटेटमधला (पाच जणांचा बँड), आणि त्या जाड तारेचा आवाज खालपर्यंत स्वच्छ आला तेव्हा मी भाव करायचा नाद सोडला.

घरी डिस्टिल्ड वॉटर आणि मायक्रोफायबरने खोबणीच्या दिशेने पुसली, लेबल कोरडं ठेवून, आणि नवीन अँटिस्टॅटिक पाकिटात घातली. नुसतं ऐकायचंच असेल तर मात्र सरळ रिइश्यू घ्या, एवढी पायपीट कशाला. मी आता डी'अँजेलो या गायकाच्या 'ब्राउन शुगर' अल्बमच्या मागे आहे, १९९५चा, त्याच म्हाताऱ्याला सांगून ठेवलंय, आली की फोन करतो म्हणालाय.