अप्पांची गाडी दोनवर चालत होती

२०२५ च्या जुलैतला पहिला रविवार. मी चिपळूणहून कराडला बहिणीकडे निघाले होते. पोफळी मागे पडली, कुंभार्ली घाट सुरू झाला आणि पावसाने जोर धरला. तिसऱ्या-चौथ्या वळणावर, दुसऱ्या गिअरमध्ये, गाडीने पहिला झटका दिला. मग दुसरा. ॲक्सिलरेटर दाबावा तर गाडी पुढे ओढण्याऐवजी मागे खेचल्यासारखी व्हायची आणि सायलेन्सरमधून फट्-फट् आवाज यायचा. मागे एसटी हॉर्न देत होती. कशीबशी वर पोचले. हेळवाकच्या पुढे सपाटीला लागल्यावर झटके जवळजवळ थांबले, आणि मला वाटलं, पेट्रोलमध्ये पाणी आलं असेल.

गाडी म्हणजे अप्पांची १९९६ ची मारुती ८००. कार्बोरेटरवाली, ७९६ सीसी, तीन सिलेंडरची. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, त्याच्या आदल्या रात्रीच अप्पांनी ती चढावरच्या मित्राच्या अंगणात नेऊन लावली होती. त्याच वर्षी तिचं पाच वर्षांचं पासिंगही करून घेतलं. घरात तिला विकायचा विषय कोणी काढत नाही. मलाही ती विकायची नव्हती, म्हणून हे सगळं मनावर घेतलं.

आधी शहरातल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी ठिणगी पाडणारे तिन्ही प्लग बदलले, कार्बोरेटर उघडून साफ केला, चोवीसशे रुपये घेतले. चार दिवस गाडी छान चालली. पाचव्या दिवशी सकाळी कॉलेजला निघाले तर फाटकापाशीच थरथरायला लागली. पुन्हा गॅरेजला नेली तर म्हणाले, इंजिन जुनं झालंय, हेड, म्हणजे सिलेंडरांवरचा भाग, खोलावं लागेल, अठरा-वीस हजार धरून चला. मी गाडी परत घेऊन आले.

अप्पा ओटीवर खुर्चीत बसले होते. मी इंजिन बंद करायच्या आधीच त्यांनी हात वर करून थांबवलं, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "दोनवर चालली आहे."

"म्हणजे?"

"तिनातला एक मेलाय. कुठला ते शोध, मग हेडचं बघू."

चाळीस वर्षं गाड्या हाताळलेल्या माणसाने स्वतः बॉनेट उघडलं असतं, पण दोन वर्षांपूर्वी त्यांना पेसमेकर बसवला. चालू इंजिनाच्या इग्निशनवर वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून हात माझे आणि कान त्यांचे, असं ठरलं. हे काम घरी करणाऱ्याने ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी. प्लगच्या वायरीत वीस हजार व्होल्टच्या आसपास जातं, त्याचा झटका धडधाकट माणसालाही वाईट बसतो.

मेलेला सिलेंडर शोधायची जुनी पद्धत म्हणजे चालू इंजिनवर एकेक प्लगची वायर ओढून काढायची. मला तसं करायचं नव्हतं, आणि वायर मोकळी लटकत राहिली तर कॉइलवर, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज ठिणगीसाठी वाढवणाऱ्या भागावरही ताण येतो. म्हणून मी दर वेळी इंजिन बंद केलं, एक वायर काढली, तिच्या टोकाला जुना प्लग लावला आणि त्या प्लगची बॉडी जंपर वायरने इंजिनाला पक्की अर्थ केली. मग लांब उभं राहून स्टार्टर. एक नंबरची वायर काढली तर इंजिन बंदच पडायला आलं. तीन नंबरला तसंच. दोन नंबरची काढली आणि आवाजात काहीच फरक नाही. ओटीवरून अप्पा म्हणाले, "काढलीस का?" मी म्हटलं, "केव्हाच काढलीय." तेव्हा दोघांनाही कळलं.

प्लग काढून फडक्यावर ओळीने ठेवले. एक आणि तीनचं टोक कोरड्या कॉफीच्या रंगाचं, म्हणजे जळण नीट होतंय. दोनचा काळा, ओला, पेट्रोलचा वास मारणारा. पेट्रोल येतंय, पण पेटत नाही. इथे एक गोष्ट माझ्या डोक्यात लख्ख झाली. कार्बोरेटर एकच आहे आणि तो तिघांनाही पाजतो. तोच खराब असता तर तिन्ही प्लग थोडेफार तरी सारखेच बिघडलेले दिसले असते. एकच सिलेंडर मेलाय तर दोष त्या एकट्याच्या वाटेवर असणार. त्याचा प्लग, त्याची वायर, डिस्ट्रिब्युटर कॅपमधला, म्हणजे करंट तिन्ही प्लगना वाटून देणाऱ्या भागाच्या झाकणावरचा त्याचा खांब, नाहीतर त्याचे व्हॉल्व्ह आणि रिंगा. म्हणजे पेट्रोलमध्ये पाणी हा माझा पहिला संशयही तिथेच संपला.

एक आणि दोनच्या प्लगची अदलाबदल केली. दोष प्लगबरोबर एक नंबरला गेला नाही, दोनलाच राहिला. प्लग सुटला.

मग मी चुकले, आणि कुठे चुकले ते सविस्तर सांगते, कारण इथे बरेच जण चुकत असणार. दोनच्या वायरीला लावलेल्या त्या जुन्या प्लगमध्ये ठिणगी व्यवस्थित पडताना मी डोळ्यांनी पाहिली होती. निळसर, टकटक पडणारी. त्यावरून मी ठरवलं की करंट पोचतोय, म्हणजे बिघाड आत, कॉम्प्रेशनमध्येच, सिलेंडरमधल्या दाबात. दोन रात्री मला नीट झोप लागली नाही, अठरा-वीस हजार डोळ्यांसमोर येत होते. शेजारच्या गल्लीतल्या फिटरकडून कॉम्प्रेशन गेज मागून आणलं. कॉइलची वायर सोडली, तिन्ही प्लग काढले, कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायला बसवलं. काटा पहिल्याला अकरा किलोवर गेला, दुसऱ्याला साडेदहा, तिसऱ्याला पुन्हा अकरा. एकोणतीस वर्षांच्या इंजिनाला हे आकडे उत्तम आहेत, आणि मुख्य म्हणजे तिघांत तफावत नाही. व्हॉल्व्ह जळला असता तर दोनचा काटा कुठल्या कुठे खाली राहिला असता. हेड खोलायचं कारणच उरलं नाही. अप्पांना आकडे सांगितले तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली, पण चहा दोनदा मागितला.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, कॉम्प्रेशन आहे, तरी सिलेंडर मेलेला. मी पायरीवर बसून राहिले. अप्पाच म्हणाले, "ते चार दिवस गाडी चांगली चालली ना, तेव्हा उघडीप होती. आठवतंय? तू चादरी वाळत घातल्या होत्यास."

खरंच होतं. प्लग बदलल्यामुळे गाडी सुधारली असं आम्ही धरून चाललो होतो, पण सुधारली ती कोरड्या हवेमुळे. बिघाड पावसाळी होता. मग उघड्यावरच्या ठिणगीचाही उलगडा झाला. मोकळ्या हवेत प्लगच्या फटीत ठिणगी पडायला व्होल्टेज कमी पुरतं. सिलेंडरमध्ये पिस्टनने दाबून घट्ट केलेल्या मिश्रणातून ती पडायची तर कितीतरी जास्त लागतं, आणि चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलेंडर आणखी भरतो, म्हणून त्याहूनही जास्त. तेवढं व्होल्टेज चढायला लागलं की वाटेत जिथे सोपी फट मिळेल तिथून करंट पळतो. म्हणूनच सुरुवातीला घाटात झटके आणि सपाटीवर बरं. बाहेर दिसलेली ठिणगी खोटी नव्हती, पण ती पुरेशी असल्याचा पुरावाही नव्हती.

मल्टिमीटर घेऊन वायरी मोजल्या. एकची सात किलोओहम, तीनची नऊ. लांबी वेगळी, त्यामुळे एवढा फरक चालतो. दोनची चाळीसच्या वर, आणि वाकवली की आकडा उड्या मारायचा. आतली कार्बनची दोरी तुटलेली. नवा संच साडेपाचशेला मिळाला. लावला, इंजिन तिन्हींवर सुरू झालं, मी फाटकापर्यंत नेऊन आणली, आनंद झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पाऊस होता. किल्ली फिरवण्याआधीच अप्पा खिडकीत येऊन उभे राहिले होते. इंजिन सुरू झालं आणि पुन्हा तेच. दोनवर.

त्या रात्री अंगणातला दिवा घालवला. अप्पांना ओटीवरच बसवलं. बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं आणि इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घेऊन वायरींवर लांबून अगदी बारीक तुषार सोडले. एकावर काही नाही. तीनवर काही नाही. डिस्ट्रिब्युटर कॅपवर सोडले आणि अंधारात दोनच्या खांबापासून कॅपच्या कडेपर्यंत एक निळी रेघ तडतडत नाचायला लागली. इंजिन लगेच थरथरलं. दिवसाउजेडी मी त्या कॅपवरून कितीदा नजर फिरवली होती, तिथे काहीच दिसलं नव्हतं. मी ओरडून सांगितलं, "अप्पा, सापडलं!" त्यांना तिथून जवळ येता येत नव्हतं, ते खुर्चीतून नुसते उठून उभे राहिले.

सकाळी कॅप काढून भिंगातून पाहिली. दोनच्या खांबापासून खाली, पेन्सिलने ओढावी तशी केसाएवढी काळी रेघ. करंट एकदा प्लॅस्टिकवरून गेला की तिथे कोळसा होतो, आणि कोळसा करंट वाहून नेतो, म्हणजे पुढच्या वेळी वाट आणखी सोपी. कोरडी हवा असेल तेव्हा करंट कसातरी प्लगपर्यंत जायचा, दमट झाली की ही रेघच त्याला जवळ पडायची. माझा अंदाज असा की आधी वायर गेली. तिच्यातून जाता येईना म्हणून करंट कॅपवरून उड्या मारत राहिला आणि त्यानेच ही रेघ कोरली. म्हणून नुसती वायर बदलून भागलं नाही. पॉलिश पेपरने रेघ घासून काम चालवणारे लोक आहेत, पण घासलेल्या खरखरीत जागी ओल अधिक धरते, मी ते केलं नाही. कॅपखालचं रबरी पॅकिंगही कडक होऊन चिरलं होतं, ओल आत जायची वाट तीच.

कॅप आणि तिच्या आत फिरणारा रोटर मिळवायला तीन दुकानं पालथी घातली. चारशेत दोन्ही मिळाले. जुनी कॅप पूर्ण मोकळी करण्याआधी प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून आकडे लिहिले, कारण या इंजिनाचा फायरिंगचा क्रम एक-तीन-दोन असा आहे, आणि दोन वायरी उलटसुलट झाल्या तर गाडी फट्-फट् करत सुरूच होत नाही. एकेक वायर जुन्या कॅपवरून काढून नव्या कॅपवर त्याच जागी बसवली. पॅकिंग नवं घातलं. कॉइलची वायर शेवटी.

रात्री पुन्हा दिवा घालवला, पुन्हा तुषार मारले, या वेळी जरा जास्तच. इंजिन एकसारखं चालत राहिलं.

"दिसतंय काही?" ओटीवरून आवाज आला.

"काही नाही."

"मग बंद कर, पेट्रोल जळतंय."

पुढच्या रविवारी कराडला गेले. कुंभार्लीत समोरचं दिसत नव्हतं इतका पाऊस, वायपर पुरत नव्हता. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी एकही झटका न देता वर चढली. या खेपेला अप्पा शेजारी बसले होते, खिडकीची काच बोटभर खाली करून, आवाज ऐकत. बाही भिजली तरी त्यांनी काच वर केली नाही. परतल्यावर दोनचा प्लग काढून बघितला. कोरडा, कॉफीच्या रंगाचा, बाकीच्या दोघांसारखा. फिटरचं गेज पुसून परत देऊन आले. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा, थोडा आवाज आहे, असं अप्पा म्हणतात. तो दिवाळीच्या सुट्टीत बघायचा, तोवर फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पात्या, आणून ठेवते.