व्हे प्रोटीन आणि ग्लुटाथायोन : नोंदवहीतील चौथा महिना

या महिन्याची नोंद एका दुरुस्तीने सुरू करणे मला आवश्यक वाटते. पहिल्या तीन महिन्यांत मी वहीत ‘ग्लुटाथायोन वाढल्याचा अनुभव’ असा रकाना आखला होता आणि सकाळच्या व्यायामानंतर त्यात दहापैकी गुण लिहीत असे. तो रकाना मी आता खोडला आहे. ग्लुटाथायोन हे पेशींना ऑक्सिडीकरणाच्या इजेपासून जपणारे द्रव्य. ते पेशींच्या आत काम करते आणि रक्तातील त्याचा बहुतांश साठा तांबड्या पेशींमध्ये असतो. नमुना घेतल्याबरोबर तो थंड ठेवून त्यावर आम्लाची प्रक्रिया केली नाही, तर त्याचे ऑक्सिडीकरण होऊन आकडा चुकतो. असे द्रव्य वाढले की घटले हे मला उत्साहावरून कळते, असे लिहिणे योग्य नव्हते. झोप पुरी झाली, लातूरचा उकाडा थोडा कमी झाला, तरी माझे गुण वाढत होते. त्या जागी आता एकच गोष्ट लिहितो : त्या दिवशी व्हेमधून, म्हणजे चीज करताना पाण्यात उतरणाऱ्या दुधातील प्रथिनांतून, किती सिस्टीन (ग्लुटाथायोनसाठी लागणारे गंधकयुक्त अमिनो आम्ल) पोटात गेले.

ग्लुटाथायोन हे ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसीन या तीन अमिनो आम्लांचे बनते. यकृतात ते सर्वाधिक तयार होते आणि बहुतेक वेळा या तिघांपैकी सिस्टीनच कमी पडते. ग्लुटाथायोन थेट तोंडावाटे घेतले, तर त्याचा बराच भाग आतड्यातच तुटतो. म्हणून कच्चा माल पुरवण्याचा मार्ग मला अधिक पटतो. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील गुस्ताव्हो बूनूस यांनी १९८०च्या दशकात उंदरांवर केलेल्या प्रयोगांपासून व्हेचा या दृष्टीने विचार सुरू झाला. पुढे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एचआयव्हीबाधितांना दोन आठवडे रोज ४५ ग्रॅम व्हे दिल्यावर त्यांच्या रक्तद्रवातील ग्लुटाथायोन वाढलेले आढळले. मात्र त्या रुग्णांमध्ये ते मुळातच कमी होते. निरोगी, पोटभर जेवणाऱ्या माणसात ग्लुटाथायोन पुरेसे झाले, की ते स्वतःच आपल्या निर्मितीतील पहिल्या विकराला आवर घालते. म्हणून दुप्पट मात्रा घेऊन दुप्पट लाभ होईल, या समजुतीने कोणी डबे संपवू नयेत.

आता माझा हिशेब. वजन ६८ किलो. गंधकयुक्त अमिनो आम्लांची, म्हणजे मेथिओनीन आणि सिस्टीन यांची एकत्रित गरज प्रौढांसाठी किलोमागे १५ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे माझ्यासाठी दिवसाला साधारण १ ग्रॅम. माझ्या पावडरीच्या ३० ग्रॅमच्या मापात २४ ग्रॅम प्रथिने आहेत. व्हेच्या १०० ग्रॅम प्रथिनांत सिस्टीन २ ते अडीच ग्रॅम धरले, तर एका मापातून अर्धा ग्रॅम किंवा थोडे अधिक मिळते. आपल्या ताटातील तुरीच्या वरणात गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी आणि ज्वारीच्या भाकरीत लायसीन कमी. दोन्ही एकत्र खाल्ल्याने बरीच भरपाई होते, पण एका पेल्यातून अर्धा ग्रॅम सिस्टीन मिळणे ही त्यापुढेही मोठी भर आहे. म्हणून मी एका मापावर थांबलो आहे.

घरी पनीर केल्यावर उरलेली निवळी प्यायली तर पावडरीची गरज काय, असा प्रश्न अनेकांनी विचारला आहे. मी स्वतः दोन महिने देवणी गाईच्या दुधाचे पनीर करून ती निवळी प्यालो, म्हणून यावर थोडे विस्ताराने लिहितो. दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे असते. आपण पनीरसाठी दूध उतू येईपर्यंत तापवतो. त्या उष्णतेत व्हेमधील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन उलगडते, त्याचे गंधकाचे टोक मोकळे होते आणि ते केसीनला चिकटते. लिंबू पिळल्यावर ही दोन्ही प्रथिने एकत्रच गोळा होतात. फडक्यातून गळणाऱ्या हिरवट पाण्यात राहते ती मुख्यतः दुधातील साखर, क्षार आणि अगदी थोडी प्रथिने. उकळलेल्या दुधाचे दही टांगून चक्का केला, तर त्याच्या पाण्याचीही हीच गत. ज्याच्या शोधात आपण पाणी पितो, ते पनीरमध्येच बसलेले असते. ती निवळी कणीक मळायला उत्तम आहे. पोळ्या मऊ होतात.

उष्णतेचा प्रयोग तालमीतील वस्तादांच्या प्रश्नावरून केला. ते म्हणाले, “सर, उकळत्या दुधात टाकून पेलं तर काय हुतंय?” मी पातेल्यात पाऊण लिटर पाणी आणि एक माप पावडर घेऊन मंद आचेवर तापमापी धरून बसलो. ६० अंशांपर्यंत काही फरक दिसला नाही. ७५च्या आसपास पाणी गढूळ झाले, ८०च्या पुढे कापसासारखे बारीक तुकडे तरंगू लागले आणि उकडलेल्या अंड्यासारखा वास आला. तो वास उलगडलेल्या प्रथिनातून मोकळ्या झालेल्या गंधकाचा आहे. वस्तादांना मी सांगितले, की अशा पावडरीतील प्रथिने पोषण म्हणून वाया जात नाहीत, कारण पोटात ती तुटायचीच असतात. पण ‘न उलगडलेले’ म्हणून जास्त पैसे मोजून आणलेला माल उकळणे म्हणजे ते जास्तीचे पैसे चुलीत घालणे. मी पावडर आता माठातील पाण्यात किंवा ताकात घुसळतो. आधी चार चमचे पाण्यात तिची दाट पेस्ट करून घेतली, तर गुठळी राहत नाही.

एक तक्रारही नोंदवायची आहे. फेब्रुवारीत गावातील एका दुकानातून स्वस्त डबा आणला. दर्शनी आकडा ७५ टक्के प्रथिनांचा होता, पण मागील तक्त्यात ग्लायसीन आणि टॉरीन अवास्तव जास्त आणि सिस्टीनची ओळच नव्हती. प्रथिने मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीत नायट्रोजन मोजून त्याला ६.३८ ने गुणतात, त्यामुळे स्वस्त अमिनो आम्ले मिसळली तरी आकडा फुगतो. टॉरीनमध्ये गंधक आहे, पण शरीर त्यापासून सिस्टीन बनवत नाही. त्या दिवसापासून मी पुढचा आकडा वाचण्याआधी मागील तक्ता वाचतो.

त्याच तक्त्यामुळे आणखी एक भेद ध्यानात आला. चीजच्या कारखान्यातून येणाऱ्या व्हेमध्ये ग्लायकोमॅक्रोपेप्टाइड (चीज करताना केसीनपासून तुटलेला तुकडा) मिसळलेले असते आणि त्यात सिस्टीन अजिबात नसते. दूध थेट गाळून काढलेल्या व्हेमध्ये ते नसल्याने तेवढ्याच प्रथिनांत सिस्टीनचा वाटा थोडा वाढतो. किंमत मात्र बरीच जास्त आहे आणि माझ्या एका मापाच्या हिशेबाला तो फरक फार मोठा ठरत नाही.

साठवणीविषयी थोडक्यात. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत राहिलेला अर्धा डबा पिवळसर झाला आणि झाकण उघडल्यावर खव्याच्या कढईतील खरवडीसारखा वास आला. पावडरीतील साखर आणि प्रथिने उष्णतेत एकमेकांना धरतात आणि त्यात लायसीन वाया जाते. डबा आता आतल्या खोलीत, धान्याच्या कोठीमागे थंड जमिनीवर असतो. त्यात ओला चमचा घालायचा नाही, हे घरात सर्वांना सांगून ठेवले आहे.

आजची नोंद : माप एक, ताकात, सकाळी साडेसहाला, शंभर बैठकांनंतर. सिस्टीन अंदाजे अर्धा ग्रॅम. वास स्वच्छ, रंग फिकट दुधाळ.