मार्चचं रिन्यूअल: ४१ नावांची २६ केली

मंडळी, मार्च सरला एकदाचा. माझी निम्मी डोमेन नावं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, मार्चमध्येच रिन्यूअलला येतात, कारण ती घेऊन ठेवायचा नि जमलं तर विकायचा हा नाद लागला तोच एका मार्चमध्ये आणि पहिल्या महिन्यातच १७ नावं घेऊन मोकळा झालो होतो. त्या उत्साहाची किंमत दरवर्षी याच सुमाराला कार्डावर दिसते.

मागच्या नोंदीत .इन २३, .को.इन ६, .आयओ ५, .भारत ४, .एआय २ आणि .टीव्ही १ असा पसारा होता. आता उरलं ते असं: .इन १८, .भारत ४, .आयओ २, .को.इन १, .एआय १. म्हणजे १५ सोडली. सोडताना हात थरथरला तो एकाच नावाला, आणि ते चक्क .आयओ होतं.

.आयओचं आधी सांगतो, कारण त्यावर माझं मत वर्षभरात पार फिरलं. प्रोग्रामर मंडळी ते इनपुट-आउटपुट म्हणून वाचतात, पण ती दोन अक्षरं आहेत ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरीची, म्हणजे चागोस बेटांची. तिथल्या मूळ रहिवाशांना १९६८ ते १९७३ दरम्यान हुसकावून लावलं गेलं. त्यांतल्या दिएगो गार्सिया बेटावर लष्करी तळ उभा राहिला. बेटांचं सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर २२ मे २०२५ ला सह्या झाल्या. आपल्याशी संबंध असा की देशांच्या दोन-अक्षरी कोडांच्या आंतरराष्ट्रीय (आयएसओ) यादीतून एखादा कोड निघाला, तर त्याचं एक्स्टेन्शन, म्हणजे पत्त्याचं शेपूटही बंद करायची प्रक्रिया सुरू होते. मुदत साधारण पाच वर्षं, वर जास्तीत जास्त आणखी पाच वाढवून मिळू शकतात. युगोस्लाव्हियाचं .वाययू असंच २०१० मध्ये कायमचं गेलं. उलट सोव्हिएत युनियन १९९१ मध्ये संपलं तरी .एसयू अजून चालू आहे! त्यामुळे .आयओ उद्या बंद पडणार अशी बोंब मारण्यात अर्थ नाही. पण दहा वर्षं सांभाळायच्या विचाराने नाव घेणाऱ्याच्या पोटात खड्डा पडायला एवढं पुरे. दोन ठेवलीत, कारण दोन्हींवर गिऱ्हाइकाची चौकशी येऊन गेली आहे. नवीन घेणार नाही.

.एआयवर फार लिहीत नाही, सगळेच त्यावर लिहितात. अँग्विला हे जेमतेम १६,००० वस्तीचं बेट. २०२३ मध्ये सरकारच्या महसुलाचा पाचवा हिस्सा या दोन अक्षरांतून आला. त्यांचं भलं झालं. आपलं गणित वेगळं: किमान दोन वर्षांचे पैसे एकदम भरावे लागतात, आणि त्या रकमेत माझी मूठभर .इन निघतात. एक सोडलं, एक ठेवलं.

.टीव्हीची फजिती माझीच. पहिल्या वर्षाची किंमत बघून घेतलं, रिन्यूअलची बघितलीच नाही. नाव ‘प्रीमियम’ गटातलं निघालं, म्हणजे दरवर्षी तीच चढी रक्कम. रजिस्ट्रारने, म्हणजे नावं विकणाऱ्या कंपनीने, ती बारीक अक्षरांत लिहिली होती खरी, पण माझा चष्मा तेव्हा टीव्हीकडे लागला होता. गेलं ते.

आता .को.इन. जुने लोक ओळखतात: २००५ च्या आधी नुसतं .इन सरसकट मिळत नव्हतं आणि एकूण नोंदणीच ७,०००च्या आसपास होती, म्हणून जुन्या कंपन्यांच्या पाट्यांवर अजून .को.इन दिसतं. पण आज नवा माणूस .को.इन घेतो तो .इन हातचं गेलं म्हणून. मग त्याच्या गिऱ्हाइकाचे मेल चुकून .इनवाल्याकडे जातात. माझ्याकडे एक ठेवलंय, कारण त्याच नावाचं .इनही माझंच आहे. बँकांचंही बघा, रिझर्व्ह बँकेने त्यांना .बँक.इनवर न्यायचं ठरवलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत घातली. आपल्याला ते मिळणार नाही, पण ‘.इन म्हणजे खात्रीचं’ ही सवय लोकांना लागली तर ती आपल्या पथ्यावरच पडेल.

या वर्षीचं खरं काम झालं ते डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे नावावर साइट उभी करण्यात. मिरज-तासगाव पट्ट्यात रोटाव्हेटर, ट्रॉली, द्राक्षबागेचा ब्लोअर भाड्याने देणाऱ्यांची यादी चालू केली. नावात ‘वावर’ आहे, पुढचा शब्द आत्ता सांगत नाही. गूगल .आयओ, .एआय, .टीव्ही यांना कुठल्याच देशाचं धरत नाही आणि .इनला भारताचं धरतं, त्यामुळे अशा यादीला .इनच हवं हे उघड होतं. घोळ पुढेच झाला. एका ब्लोअरवाल्या काकांना फोनवर नाव सांगितलं. ते म्हणाले, “उघडत नाही ओ.” मी म्हटलं, “काका, काय टाकलं?” तर ‘व’ला डब्ल्यू. मी घेतलं होतं दोन्हीकडे व्ही. वावर या एवढ्याशा शब्दात दोन व, म्हणजे रोमनमध्ये चार स्पेलिंगं, म्हणजे चार रिन्यूअलं!

म्हणून तेच नाव .भारतमध्येही घेतलं. देवनागरीत वावर एकच. २०१४ पासून हे मिळतंय, मराठी-कोंकणीही चालतं, तरी दहा माणसांत एकालाही माहीत नसतं. काकांनी मराठी कीबोर्डवर टाकलं आणि पहिल्या फटक्यात उघडलं. पण त्यांनी तो पत्ता ब्राउझरमधून कॉपी करून भावाला पाठवला, तर तिकडे पोचलं एक्स-एन-डॅश-डॅश आणि पुढे अक्षरांचं कडबोळं, कारण यंत्र आतून देवनागरी पत्ता अशा रोमन कोडमध्येच ठेवतं. एकट्या ‘भारत’चंच तिथे ‘एच-टू-बी-आर-जे-नाइन-सी’ होतं. भावाला वाटलं फोन हॅक झाला. या नावावर मेल काढला, तर एका सरळसाध्या फॉर्मने ‘इनव्हॅलिड ईमेल’ म्हणून परत पाठवला. आणखी एक: ‘ॲ’ दोन तऱ्हेने टाइप होतो, अखंड एक अक्षर किंवा ‘अ’वर चंद्र. डोळ्याला सारखा, यंत्राला वेगळा. चंद्राची नावं मी .भारतमध्ये घेतच नाही.

तर सध्याची मांडणी: पाटीवर आणि फ्लेक्सवर .भारत, उघडलं की .इनवर जातं, मेल .इनचाच. विकायला म्हणून .भारत घेऊ नका, माझ्या चारही नावांवर आजवर एकही ऑफर नाही. .इन विकताना मात्र लक्षात ठेवा, तिथे प्रायव्हसीचं पांघरूण घेता येत नाही, त्यामुळे नोंदीत स्वतःचाच पत्ता नि स्वतःचाच फोन. आणि कुणाच्या ब्रँडचं नाव अडवून बसलात तर आयएनडीआरपीखाली, म्हणजे .इनच्या तंटे सोडवायच्या नियमांखाली, तक्रार होते, नावही जाऊ शकतं.

वावरची दोन स्पेलिंगं आता माझ्याकडे आहेत. दोन्हीकडे डब्ल्यूवालं कुणीतरी घेऊन ठेवलंय, साइट काहीच नाही, ऑक्टोबरमध्ये एक्सपायर होतंय. कॅलेंडरला लावून ठेवलंय.