आमची वाटचाल : कांदा कोणत्या डब्यात?

जून 2014. अमळनेरला घराच्या पुढच्या खोलीत नऊ छोटी मुलं घेऊन मी इंग्रजीचा वर्ग सुरू केला. डी.एड. होऊन बसले होते, शिक्षकभरती काही निघत नव्हती, आणि आमच्या ह्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं. भांडवल म्हणाल तर एक सतरंजी, एक फळा, आणि एका मोठ्या शहरातल्या कंपनीकडे भरलेली अनामत. ती सासूबाईंनी पोस्टात साठवलेल्या पैशांतून भरली होती. बदल्यात कंपनीने दारावर लावायची पाटी दिली आणि चित्रांची एक पेटी दिली.

पेटीत आयसाठी इग्लू होता. मुलांना विचारलं, हे काय? एकजण म्हणाला, "देऊळ शे." दुसऱ्याने त्याला वेड्यात काढलं, "नई, भट्टी शे!" एक्ससाठी झायलोफोन होता. ते वाद्य मीही कधी पाहिलेलं नव्हतं, आणि त्या शब्दाच्या सुरुवातीला ऐकू येतो तो झ. तरी दिवाळीपर्यंत पोरं ए टू झेड घडाघडा म्हणायला लागली. पाहुण्यांपुढे उभं करून म्हणून घ्यायचे पालक. मीही खूश होते.

मग एका मुलाच्या वडिलांनी बी-ए-टी लिहिलेला कागद त्याच्यापुढे धरला. वाच म्हणाले. पोराने अगदी बरोबर सांगितलं, "बी, ए, टी." मग? मग काही नाही. वडील मला म्हणाले, "मॅडम, याला नावं सगळ्यांची माहिती, वळख कोणाचीच नई."

ते वाक्य मला झोपू देईना. आपल्या मराठीत क चं नावही क आणि आवाजही क. मूल त्याच भरवशावर इंग्रजीकडे जातं आणि फसतं. डब्ल्यूच्या नावात व कुठे आहे? एचच्या नावात ह शोधून दाखवा. अक्षरं 26, आवाज साधारण 44. मिळेल ते वाचत गेले तेव्हा कळलं की जगात बरेच जण आधी नावं शिकवतच नाहीत, आवाज शिकवतात. तेही एबीसीडीच्या क्रमाने नाही. एस, ए, टी, पी, आय, एन या सहांपासून सुरुवात करतात, कारण एवढ्यांतच सॅट, पिन, टॅप, नॅप, टिन असे कितीतरी शब्द जुळतात. आठवड्या-दोन आठवड्यांत मूल स्वतःचा पहिला शब्द वाचतं.

दोन वर्षांनी कंपनी सोडली. अनामत परत मिळाली नाही, तो विषय आमच्या घरात अजूनही काढायचा नसतो.

आवाजांचं ठरवलं तरी नवीनच अडचण आली. वर्गात शिकवणाऱ्या आम्ही सगळ्या, मी आणि ताई, बाराखडीवर वाढलेल्या. आमच्या तोंडून स येतो तो अ घेऊनच येतो. "स, ॲ, ट" असं सुटं म्हणून मुलांना जोडायला सांगितलं की पोरं प्रामाणिकपणे "सअॅटअ" असलं काहीतरी म्हणायची. चूक त्यांची नव्हतीच. शेवटी उपाय सापडला तो पहिलीच्या मराठीत. मी ताईंना सांगितलं, पाय मोडून म्हणा. पाय मोडका स्, पाय मोडका ट्. सापासारखा नुसता स्‌स्‌स्. प्रत्येक ताईला ते एका झटक्यात समजलं. त्याआधी मी तासभर इंग्रजी शब्द वापरून जे समजावत होते, ते फुकट गेलं होतं. अजूनही वर्गात कोणी ताई विसरली तर मुलंच ओरडतात, "मॅडम, पाय मोडा!" बाहेरच्या माणसाला ऐकून धक्का बसतो.

दुसरी गोष्ट मी फार उशिरा शिकले. सुरुवातीला वर्गात फक्त इंग्रजी असा नियम होता. पालकांनाही तेच हवं होतं. 2000 पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली, तेव्हापासून पहिलीच्या आधीच पोराला ती यायला हवी अशी घाई प्रत्येक घरात असते. एक मुलगी या नियमामुळे चार महिने एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, लाजाळू आहे. एके दिवशी दारातून कोंबडी आत शिरली आणि ही उभी राहून ओरडली, "मॅडम, कोंबडी उनी!" त्यानंतर ती थांबलीच नाही. कोंबडी कोणाची, अंडी किती देते, आजी तिला काय घालते, सगळं अहिराणीत. मी चार महिने तिचं तोंड बांधून ठेवलं होतं.

तेव्हापासून आवाजाचे खेळ आम्ही घरच्या शब्दांनी सुरू करतो. माय, मिरची, पोया, मका. यातला वेगळा कोण? ज्याला अहिराणीत म ऐकू येतो, त्याला इंग्रजी एम दाखवायला एक मिनिट पुरतं. शिवाय घरी डोया आणि बालवाडीत डोळा म्हणणाऱ्या पोराच्या कानाला दोन भाषांची सवय आधीच असते. तिसरीचं त्याला ओझं होत नाही. पुढे 2020 च्या शैक्षणिक धोरणात लहान मुलांच्या घरच्या भाषेवर भर आला, 2021 ला निपुण भारत ही लहान मुलांच्या वाचन-गणिताची केंद्राची मोहीम आली. पालकांना पटवायला त्याचा उपयोग झाला, पण मला शहाणं केलं ते कोंबडीनेच.

फीचं गणित इथे महिन्यावर चालत नाही. "कापूस घरात शे, भाव उना का देतो," हे ऐकून मी पहिल्या वर्षी रडकुंडीला आले होते. आता जूनमध्ये थोडी घेतो आणि बाकीची कापूस विकल्यावर. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आत वर्ग संपवतो, कारण तेव्हा आया माहेरी झोक्यावर असतात आणि पोरं मामाकडे.

मार्च 2020 मध्ये वर्ग बंद पडला. ह्यांचं दुकानही बंद. काहीतरी करायचं म्हणून घरीच अक्षरांचे, चित्रांचे पत्ते काढले आणि पाकिटात घालून मुलांच्या घरी पोहोचवले. लोकांनी ते भावंडांसाठी, भाचरांसाठी मागून नेले. वर्षभराने हिंमत करून जळगावला 500 संच छापून घेतले. या वेळी इग्लू नको, सगळं आपल्याकडचं हवं. बीला बनाना, सीला कॉटन, आणि ओला ऑनियन म्हणून मस्त लाल कांदा.

संच आले त्या आठवड्यात पाच वर्षांची एक मुलगी डब्यांचा खेळ खेळत होती. प्रत्येक आवाजाचा एक डबा, चित्र त्या डब्यात टाकायचं. तिने कांदा उचलला, पुटपुटली, आणि सरळ अम्ब्रेलाच्या डब्यात टाकला. मी काढून ओच्या डब्यात ठेवला. तिने परत अम्ब्रेलात टाकला. "अनियन," ती म्हणाली. "अ."

बरोबर होतं तिचं. लिहिताना ओ, पण ऐकताना अ. ऑ शिकवायच्या पत्त्यावर मी तो छापून बसले होते, आणि आम्ही तिघींनी मुद्रित तपासताना फक्त रंग पाहिले होते.

पाकिटं फोडून 500 कांदे बाहेर काढले, जागी ऑक्स म्हणून बैल छापून घातला. पोळा माहीत असलेल्या पोराला बैल ओळखू येतोच. दोन रात्री सासूबाईही पाकिटं चिकटवत बसल्या. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. प्रत्येक पाकिटाला "ऑ, ऑ" म्हणत होत्या.

फेब्रुवारी 2024 मध्ये अमळनेरला 97 वं मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा एका पुस्तकवाल्या ओळखीच्यांच्या टेबलाचा कोपरा मागून आम्हीही पत्ते मांडले. एक आजोबा तावातावाने म्हणाले, "मराठीच्या मांडवात इंग्रजी विकता?" मी त्यांना माय-मिरचीचा खेळ खेळायला लावला. राग गेला की नाही कळलं नाही, पण एक संच नातवासाठी घेऊन गेले. पैसे सुटे दिले.

आता वर्गात तीन ताई आहेत, आणि चोपडा, पारोळा, शिरपूर इथल्या काही बालवाड्या पत्ते नेतात. कांद्यांचा गठ्ठा कपाटात तसाच आहे. नवीन ताई आली की पहिल्या दिवशी मी तिच्या हातात एक कांदा देते आणि समोर डबे मांडते. आतापर्यंत बहुतेकींनी तो ओच्या डब्यात टाकला. गेल्या जूनमध्ये आलेली ताई मात्र पत्ता हातात धरून बराच वेळ ओठ हलवत उभी राहिली. तिला मी दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं.