मोजले होते का?

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा शाळेचा निरोप आला आणि कानात आधी शिट्टीच वाजली. शिट्टीवाले सर म्हटलं की आपल्यापैकी कुणालाच नाव सांगावं लागत नाही. गणितही तेच शिकवायचे, पण त्यात मला जेमतेम पस्तीस पडायचे, म्हणून ते राहू द्या.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मागच्या मैदानावर सरांचं स्काउट पथक. एक लांब शिट्टी म्हणजे जागच्या जागी गप्प, लागोपाठ आखूड शिट्ट्या म्हणजे धावत या. १९०७ साली स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांच्या चार टोळ्या करून जबाबदारी मुलांवरच टाकली, ही गोष्ट सर अशी रंगवायचे की ते स्वतः तिथं हजर होते असं वाटायचं. आमच्या पथकातही असे संघ, आणि मी गरुड संघाचा संघनायक. माझ्यासकट आठ जण.

आठवीत असताना डिसेंबरात रामटेकला शिबिर होतं. नागपूरच्या इतवारी स्टेशनहून गाडीनं गेलो. दुसऱ्या दिवशी खिंडसी तलाव. पाण्याजवळ एकट्यानं जायचं नाही. प्रत्येकाला जोडीदार ठरवून दिलेला, शिट्टी झाली की त्याचा हात धरून वर करायचा. परत निघताना सरांनी विचारलं, "गरुड?"

"आठ, सर!"

होते सात. आमचा सर्वांत धाकटा गडी रस्त्यावर उकडलेले शिंगाडे घ्यायला गेला होता, आणि त्याचा जोडीदार मीच.

दहा मिनिटांनी तो खिसे फुगवून आला. तोवर सर तलावाकडे बघत उभे होते. तो चेहरा मी विसरलेलो नाही. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मोजले होते का बे, की नुसते पाहिले होते?" संघनायकपद काढून घेतलं नाही. मात्र वर्षभर साऱ्या पथकाला खांद्याला हात लावून मोजायचं काम माझ्याकडे आलं.

आज बुटीबोरीच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. आगीची कवायत झाली की सुपरवायझर कागदावर खुणा करून 'सगळे आले' म्हणतो, आणि मी त्याला परत मोजायला पाठवतो. माझं टोपणनाव काय पडलंय, तेही मला ठाऊक आहे.

सरांचा एक नियम तेव्हा विचित्र वाटायचा. कुणाला लागलं, ताप आला, तरी ते त्या मुलाला एकट्याला तंबूत नेत नसत. आणखी एक मुलगा तरी बरोबर हवा, नाहीतर दुसरे शिक्षक. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा आला २०१२ मध्ये. सर त्याच्या कितीतरी आधी, कुणी न सांगता, हे पाळत होते. स्वतःला मुलगी झाल्यावर मला ते उमगलं.

तिच्या शाळेत गाईड, म्हणजे मुलींचं स्काउट, म्हणजे नुसतं २६ जानेवारीचं संचलन आणि गणवेशातला फोटो. शिबिर नको, जबाबदारी कोण घेणार! पालकसभेत मी खिंडसीची गोष्ट सांगायला लागलो तर लोक घड्याळं पाहू लागले. मुलींवर काही सोपवायचंच नसेल तर त्या संघनायिका कशाच्या?

असो. समारंभाला येतोय. गरुड संघातले सहा जण सापडलेत, शिंगाडेवालासुद्धा. उरलेल्या दोघांचा पत्ता कुणाकडे असेल तर कार्यालयात कळवा.